देवीच्या ओळीला तंबाखू नाही

शहाडला आमच्या परसात मका लावायची कल्पना माझी. त्याआधी तिथे सासूबाईंचे दुधी होते. त्यांनी जागा दिली, पण अट घातली. "दारालगतची ओळ गावदेवीची. तिची कणसं तिला पोचली नाहीत, तर पुढच्या साली पुन्हा दुधी."

मका गुडघाभर झाला आणि पोंग्यांत, शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळ्या शिरल्या. पानांच्या चाळण्या झाल्या. चुलीतली राख टाकून पाहिली, तर अळ्या राखेसकट खात राहिल्या. ठाण्याहून सुकी मासळी विकायला येणारी किरिस्ताव बाई म्हणाली, "तंबाखू उकळ नि पानी पोंग्यात ओत. आमची वांगी त्यावरच उभी हायेत."

घरात तंबाखू होता तो सासूबाईंच्या मिश्रीच्या डब्यात. मी सरळ मागितला.

"अळ्यांना माझी मिश्री?"

"मक्याला."

"मग मी दात कशाने घासू, मक्याने?"

शेवटी अर्धा डबा मिळाला. पाणी उकळून गार केलं आणि तांब्याने पोंग्यापोंग्यात ओतत निघाले. दारालगतच्या ओळीशी पोचले, तर सासूबाई आडव्या उभ्या.

"इथे नाही. मिश्रीचं बोट रोज माझ्या तोंडातून पुन्हा डब्यात जातं. उष्टं पाणी देवीला घालतेस?"

"देवीला नाही, अळ्यांना घालतेय."

"ओळ देवीची आहे."

ती ओळ तशीच राहिली. चार दिवसांत बाकीच्या पोंग्यांतल्या अळ्या मेल्या. देवीच्या ओळीतल्या धष्टपुष्ट झाल्या. पुढे आमच्या ओळींत कणसं भरली, देवीच्या ओळीत नुसते दांडे.

नैवेद्याच्या सकाळी सासूबाई रिकामी परडी घेऊन दांड्यांसमोर उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात दुध्याचा मांडव घालत होते.

"दुसऱ्या ओळीतली न्या की," आमचे हे म्हणाले.

"उष्टी?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. सासूसुनेचं त्या वर्षात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

रिकामी परडी काखेत मारून सासूबाई म्हणाल्या, "तिची तिला पोचली. अळीच्या रूपाने येऊन खाऊन गेली."

काम आपोआप होत असताना बोलू नये. त्यांनी देवीला नारळ वाहिला आणि घरी येऊन आमच्या ओळीतली दोन कणसं भाजून खाल्ली. स्वतःचं उष्टं स्वतःला चालतं.

पुढच्या पावसात त्यांनीच कल्याणच्या बाजारातून तंबाखू मागवला, बोट न लागलेला. "देवीला दरसाल अळी होऊन यायला नको," म्हणाल्या. त्यातला निम्मा देवीच्या ओळीला पडला. उरलेला कुठे गेला ते मी विचारलं नाही. परसात मका होता, एवढं मला पुरे.