पाटावर बसलेलं शून्य

वेणीमाधव आमचा शेजारी. इंजिनिअर आहे, आणि हे तो दूधवाल्यालाही सांगतो. चिंचोळी एमआयडीसीत सिद्धलिंगप्पांचा चादरींचा कारखाना आहे. तिथं तो कच्च्या नोकरीवर होता. कारखान्यातल्या चादरी वाहायला त्यानं केलेली बिनड्रायव्हरची गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर चालली तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तरच लग्न, असं मुलीच्या वडिलांनी कळवलं होतं.

गाडीला डोळे नव्हते. डोळे छताला, ओळीनं टांगलेले सेन्सर. पण गाडी कुठं आहे, हे जो तो आपल्यापासून मोजणार! म्हणून वेणीमाधवनं खांबापाशी काळ्यापांढऱ्या चौकटींची फळी उभी केली. फळी दिसेल तिथं शून्य, सगळ्यांनी तिथूनच मोजायचं. मला लगेच पटलं. आमच्या नाटक कंपनीतही प्रत्येक नट रंगमंच स्वतःपासूनच मोजायचा. मास्तर मधोमध खडूची फुली मारायचे तेव्हा कुठं राजा सिंहासनावर बसायचा. एरवी प्रधानाच्या मांडीवर.

अर्धे सेन्सर जुळले आणि खंडेनवमी आली. मागांना झेंडूचे हार, कात्र्यांना कुंकू.

"ती फळीबी यंत्रच की," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "घ्या पूजेत."

वेणीमाधवनं ती स्वतःच्या हातानं उचलून पलीकडच्या भिंतीशी, देवीच्या तसबिरीपुढं पाटावर मांडली. संध्याकाळी उरलेले सेन्सर जुळवायचे म्हणून परत उचलायला गेला, तर पॅकिंगमधल्या बजाबाई ओरडल्या, "आवं सायेब! मांडलेली पूजा दसऱ्याआदी हलवत्यात व्हय?"

"बरोबर," इंजिनिअर म्हणाला. "फळी तीच, म्हणजे शून्यही तेच." आणि उरलेले सेन्सर त्यानं पाटावरच्या फळीला जुळवून टाकले.

दसऱ्याला सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पुष्कळ दिवसांनी माईक हातात आला, तेव्हा मी थोडं जास्तच बोललो. मग गाडी निघाली. पॅकिंगला चादरी पोचवल्या, परत फिरली. खांबापाशी, म्हणजे शून्यावर, सिद्धलिंगप्पा नारळ घेऊन उभे. अर्ध्या वाटेत आधी जुळवलेल्या सेन्सरांची नजर संपली, नंतर जुळवलेल्यांची सुरू झाली. गाडी वाक्य विसरलेल्या नटासारखी अडखळली, वळली आणि थेट देवीच्या पाटाशी जाऊन थांबली.

"काका," वेणीमाधव माझ्या कानाशी लागला, "शून्यं दोन झाली. गेली नोकरी."

मी पडदा पाडला असता, पण तिथं पडदा नव्हता.

सिद्धलिंगप्पांनी चपला काढल्या. हात जोडले. "बघितलं का! मला सोडून आदी आईकडं गेली की!"

टाळ्यांचा कडकडाट.

"मालक, खरं म्हणजे..."

"काय बोलू नका. उद्यापासून तुमी पक्के."

वेणीमाधवनं तोंड मिटलं. इतक्या डौलानं तोंड मिटणारा नट मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. लग्नात मी मनापासून अक्षता टाकल्या.

त्यानं नंतर शून्य एक करायला परवानगी मागितली, तर मालक म्हणाले, "पाटाला हात लावायचा न्हाय." तेव्हापासून गाडी प्रत्येक खेपेला देवीचं दर्शन घेते आणि दोन माणसं तिला ढकलत खांबापाशी आणतात. गाडी बिनड्रायव्हरची असल्यामुळे त्यांना ड्रायव्हरचा पगार मात्र मिळत नाही.