कार्मेन मातेच्या मिरवणुकीतली मुकी गाडी

नेरेइदा पेर्तूस मोटरसायकल-टॅक्सीच्या स्टँडवर पोचायच्या आधी तिचा ब्रेक पोचायचा. वरच्या कॉफीच्या मळ्यांकडून उतरणीला लागली की पुढच्या चाकातून अशी काही किंकाळी निघायची की पुलाजवळचा, मक्याच्या जाड पोळ्या तळणारा अरेपावाला कढईतला झारा सोडून कान झाकायचा. "आली बघा शिट्टी!" स्टँडवरचे पुरुष हसायचे. नेरेइदा हेल्मेट काढायची आणि म्हणायची, "शिट्टी तरी वाजते. तुमच्यातल्या काहींचं तर तेवढंही वाजत नाही." मग पुन्हा हशा व्हायचा, पण या वेळी तिच्या बाजूने.

पालोब्लांको गावाच्या स्टँडवर ती एकटीच बाई. नवरा किनाऱ्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा पानात उकडलेले मक्याचे बोयो डोक्यावर घेऊन ती दारोदार विकत हिंडली आणि त्या जोरावर तिने जुनी मोटरसायकल घेतली. पहिले काही महिने कुणी पुरुष तिच्यामागे बसायला तयार नव्हता. बायका मात्र बसल्या. मग त्या बायकांनी पोरंबाळं पाठवली, म्हाताऱ्या सासवा पाठवल्या, आणि बघता बघता तिच्या नावाने माणसं थांबून राहू लागली. तिची गाडी नेहमी लखलखीत असे. "धुतलेली गाडी म्हणजे धुतलेलं तोंड," असं ती म्हणायची, आणि शनिवार कधी चुकवायची नाही.

पण या किंकाळीने सगळं पाण्यात जायची वेळ आली होती. उतरणीवर म्हाताऱ्या घाबरायच्या, तिच्या कमरेला मिठी मारून देवाचा धावा करायच्या. दोघीतिघींनी तर चालत जाणं पसंत केलं. शेवटी स्टँडचा प्रमुख आनिबाल कान्तियो सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बघ बाई, आपल्या गाडीवाल्यांच्या कार्मेन मातेचा सण जवळ आलाय. मिरवणुकीत तुझी गाडी ओरडली, तर त्याच दिवशी स्टँडचं नंबराचं जाकीट काढून द्यायचं. मातेच्या मागे डुक्कर कापल्यासारखा आवाज मी चालवून घेणार नाही."

जाकीट गेलं म्हणजे नंबर गेला, आणि नंबर गेला म्हणजे पुन्हा डोक्यावर बोयोची टोपली.  तरी नेरेइदा म्हणाली, "आधी तुझा स्वतःचा ब्रेक सांभाळ, आनिबाल."

मेकॅनिकने ब्रेक पॅड बदलून दिले होते. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा काही दिवस गाडी गुपचूप राहिली आणि मग पुन्हा भोकाड पसरलं. कुणी म्हणालं, डिस्क वाकडी आहे. कुणी म्हणालं, पॅड नकली आहेत. अरेपावाल्याचं म्हणणं, गाडीला दृष्ट लागली आहे, लाल धागा बांध. तिने तोही बांधला. गाडी धाग्यासकट ओरडली.

मग गावाचा नळ फुटला आणि आठवडाभर पाणी आलं नाही. शनिवारी गाडी धुतली गेली नाही. नेरेइदाला त्याची लाज वाटत होती. पण त्या चिखलाने माखलेल्या गाडीवरून ती तिसऱ्यांदा बसवलेल्या नव्या पॅडसकट अख्खा आठवडा डोंगर चढली-उतरली, आणि ब्रेक एकदाही ओरडला नाही. पाणी आलं, तिने हौसेने गाडी धुवून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या वळणावर किंकाळी!

नेरेइदा तिथेच थांबली. मागे बसलेल्या बाईला म्हणाली, "जरा उतरा हो, आत्याबाई." गळ्यातला पांढरा रुमाल काढून तिने डिस्कवर घासला. रुमालावर काळपट, तेलकट पट्टा उमटला. नाकाला लावला, तर डिझेलचा वास. ती खाली मातीतच बसली आणि मोठ्याने हसायला लागली. आत्याबाईंना वाटलं, हिला ऊन लागलं.

गाडी धुणारा यामिद तिच्या मुलाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणजे तिचा कोंपाद्रे. इथे गाडी धुतली की शेवटी डिझेल आणि जुन्या तेलाचा फवारा मारायची रीत आहे. त्याने गंज लागत नाही आणि गाडी आरशासारखी चमकते. इतरांना यामिद नावापुरता फवारा मारायचा. पण ही तर कोमाद्रेची, त्याच्या धर्मपुत्राच्या आईची गाडी! तिला तो चाकांपासून धुराच्या नळकांड्यापर्यंत अक्षरशः न्हाऊ घालायचा. ब्रेक बिचारा त्या मायेत बुडून ओरडत होता.

"यामिद, उद्यापासून फवारा बंद," तिने जाऊन सांगितलं.

त्याचं तोंड उतरलं. "का गं? माझं काही चुकलं?"

"चुकलं नाही रे. तू जास्तच जीव लावतोस. पण डिस्कला जीव लावलेला चालत नाही."

"मग चमकणार कशी? सणाला?"

"नाही चमकली तरी चालेल. थांबली पाहिजे."

तिने चाक काढलं. डिस्क साबणाच्या कढत पाण्याने घासली, मग स्पिरिटने पुसली, स्वच्छ फडक्याला डाग येईना तोवर. तेल प्यायलेले पॅड फेकून दिले, कारण एकदा प्यायलेलं तेल ते परत देत नाहीत. नवे पॅड बसवले आणि मोकळ्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक दाबत पॅड आणि डिस्क एकमेकांच्या अंगवळणी पाडले. गाडी एका शब्दाने बोलली नाही. स्टँडवर तिने सगळ्यांना सांगितलंही, की सणासाठी चाकावर फवारा मारून घेऊ नका. आनिबाल हसला. "आता ही आम्हाला गाडी धुवायला शिकवणार!"

सणाच्या आदल्या दिवशी यामिदकडे रांग लागली. सण मातेचा, म्हणून त्यानेही हात आखडता घेतला नाही. सकाळी चर्चसमोर सगळ्या गाड्या फुगे आणि निळ्या-पांढऱ्या पताका लावून झगमगत उभ्या राहिल्या. नेरेइदाची तेवढी निस्तेज. आनिबालने तिला रांगेच्या शेवटी उभं केलं.

फुलांनी मढवलेली मातेची मूर्ती छोट्या ट्रकवर बसून उतरणीला लागली. बँड वाजू लागला. पहिल्या वळणावर आनिबालने ब्रेक दाबला आणि त्याच्या गाडीने जी बोंब ठोकली, ती ऐकून ढोलवाल्याचा ठेका चुकला. मग दुसरी गाडी ओरडली, तिसरी ओरडली, आणि अख्खी रांग अशी केकाटू लागली की कडेच्या बायकांनी मुलांचे कान झाकले. वर ब्रेकही धड लागेनात. आनिबालची गाडी घसरत जाऊन ट्रकच्या मागच्या फुलांत तोंड खुपसून थांबली.

पाद्री ओल्मेदो ट्रकवरून ओरडले, "थांबा! एकही गाडी नाही का, जी गप्प बसेल?"

 आनिबालच्या हेल्मेटवर झेंडूची पाकळी चिकटली होती. ती झटकून तो म्हणाला, "आहे, फादर. नेरेइदाची."

"मग तिला पुढे पाठवा. बाकीचे उतरा आणि गाड्या ढकलत या."

चकचकीत गाड्या ढकलत पुरुष बाजूला झाले. त्यांच्यामधून नेरेइदा पुढे आली आणि मातेच्या थेट मागे लागली.  पुलाजवळच्या सर्वांत कडक उतारावर, सगळं गाव बघत असताना, तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आवाज ऐकू आला तो फक्त खालच्या ओढ्याचा, आणि मग टाळ्यांचा. चालत जाणाऱ्या त्या म्हाताऱ्या सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. त्यातली एक तर मिरवणूक संपायच्या आतच येऊन तिच्यामागे बसली.

आनिबाल गाडी ढकलत, घामाघूम होऊन पोचला. नेरेइदाने जाकिटाच्या चेनला हात घातला. "काय रे, काढून देऊ?"

"गप गं," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ते स्पिरिट कुठे मिळतं, तेवढं सांग."

"मोठ्याने विचार," नेरेइदा म्हणाली. "मागच्यांनाही हवंय."