मध्यंतरापर्यंतचा माणूस

दिगू कुठलाही सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघायचा. डिचोलीच्या थिएटरात दिवे लागले, बाहेरून भज्यांचा वास आत आला, की तो डोक्यावर गुंडाळलेला टॉवेल सारखा करून उठायचा आणि मला म्हणायचा, "चल रामा, आमचां काम सोपलां." सिनेमा त्याचा स्वतःचाच असायचा. मी एकदा हट्टाने म्हटलं, पुढचं तरी बघू, तिकिटाचे पैसे दिलेत. तर म्हणाला, "फुडे काय बघतलंस? भिंतीर माझो फोटो आसता, हार घातलेलो. तो तुका घराक दाखयतंय." त्याच्यापायी कितीतरी चित्रपटांचे शेवट मला आजही ठाऊक नाहीत.

पडद्यावरचं त्याचं नाव वेगळं होतं आणि ते साऱ्या देशाला ठाऊक होतं, म्हणून इथे लिहीत नाही. हिंदी सिनेमात तो नायकाचा धाकटा भाऊ असायचा. कॉलेजात जाणारा, आईच्या मांडीवर डोकं ठेवणारा, बहिणीला चिडवणारा, आणि मध्यंतराच्या अलीकडे खलनायकाच्या हातून मरणारा. असा गोड मरायचा की बायका पदर डोळ्यांना लावूनच चहाला बाहेर पडायच्या. नायक बदलले, नायिका बदलल्या, खलनायक म्हातारे होऊन पुढारी झाले, पण धाकटा भाऊ दिगूच राहिला.

आमचा गाव पेडण्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरच्या बाजूचा. रवळनाथाच्या जत्रेला काल्याच्या दिवशी आमच्याकडे नाटक व्हायचं, तेही उन्हं कलायच्या आत. वीज नव्हती तेव्हाची ही रीत, वीज आल्यावरही कोणी मोडली नाही. नाटक माझ्या वडिलांनी लिहिलेलं होतं. गोवा मुक्त झाला त्याच सुमारास त्यांनी ते लिहिलं. गावावर शत्रू चालून येतो, वेशीवर गावकाराचा धाकटा मुलगा एकटा उभा राहतो आणि मरतो, मग म्हातारा बाप उरलेला गाव उभा करतो, एवढीच गोष्ट. बापाचं काम वडील करत, त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं. धाकट्या मुलाचं काम पहिल्या वर्षापासून दिगूचं.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी त्याची आई त्याला देवळात घेऊन गेली. मी सोबत होतो. तिने गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं, की माझ्या झिलाला यश दे, तो कुठेही असला तरी दर जत्रेला येऊन हेच काम तुझ्यासमोर करील. माउलीला काय ठाऊक, आपण पोराला कशात अडकवतो आहोत. तिला वाटलं असेल, एवढ्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी घरी येईल. तो आला, दर वर्षी. शूटिंग सोडून, ताप अंगात घेऊन, एकदा तर हाताच्या प्लास्टरवर शेला गुंडाळून.

देवाने यश दिलं, तेही अगदी शब्दाला धरून. हेच काम करील, असं आई म्हणाली होती, मुंबईनेही त्याला दुसरं काम दिलं नाही. एका निर्मात्याने धाडस करून त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात थिएटरं ओस पडली. मग घाईघाईने त्याला बोलावून एका गोदामात गोळी घातली, तो तुकडा मध्यंतराआधी चिकटवला आणि चित्रपट चालला. हे सांगताना दिगू पोट धरून हसायचा. हसणं संपलं की म्हणायचा, "मी इंटरवलापर्यंतचो माणूस रे, रामा. फुडची टिकीट माका कोण देणा नाय."

डिचोलीच्या बाजारात एकदा आम्ही चवळीच्या शेंगा घेत होतो. खाणीच्या ट्रकवाल्यांनी त्याला टॉवेलासकट ओळखलं. चार ट्रक रस्त्यात उभे केले, मागे रांग लागली, आणि त्यातला एक जण हात जोडून म्हणाला, "बाबू, एकदाच मरान दाखय." तो माणूस चेष्टा करत नव्हता, देवाकडे मागावं तसं मागत होता. दिगू तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होता. मला वाटलं, नाही म्हणेल. त्याने शेंगांची पिशवी माझ्याकडे दिली, छातीवर हात ठेवला आणि त्या लाल धुळीत गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत तो कपडे झटकत होता आणि मी दुसऱ्याच विषयावर बोलत होतो.

धाकटा भाऊ राहायचं म्हणजे सोपं नव्हतं. दर पंधरवड्याला केस काळे. उकड्या तांदळाची पेज त्याचा जीव की प्राण, पण पोट सुटेल म्हणून ती बंद. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत आला की आम्ही गरम उंडे पाव चहात बुडवायचो, आणि हा समोर बसून काकडी खायचा. चष्मा होता, पण लावायचा नाही. म्हातारं व्हायला मिळावं म्हणून तळमळणारा माणूस मी एवढा एकच पाहिला.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचं मला पत्र आलं. मुंबईत कोणी ऐकत नाही, लिहिलं होतं, पण निदान देवापुढे तरी मला माझ्या वयाचं होऊ दे. यंदा बापाचं काम मी करतो, तुझी हरकत नसेल तर. मला रजा नाही, माझ्या वतीने तू रवळनाथाला प्रसाद लाव. देव उजवा देईल तर करीन, डावा देईल तर आहे तेच मरेपर्यंत.

प्रसाद लावतात म्हणजे देवाच्या अंगाला फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आणि एकदा डावा मिळाला की तेच मागणं पुन्हा त्याच्यापुढे न्यायचं नाही, ही आमची रीत. त्या सकाळी देवळात गुरव, मी आणि देवस्थानचे म्हातारे नानू राऊळ असे तिघेच होतो. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, तोच उजवी कळी टपकन पडली.

गुरव हसला. नानू राऊळ हसले नाहीत. वाऱ्याने पडली, म्हणाले, दार उघडं होतं, परत लाव. दार लावलं. दुसऱ्या खेपेला अर्धा तास कळ्या जागच्या हलल्या नाहीत. नानू म्हणाले, पाणी जास्त झालं, पुसून लाव. तिसऱ्या खेपेला डावी पडली. "झालां," ते म्हणाले. "देवान सांगलां." बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला खरं कारणही सांगितलं. दिगूचं मरण बघायला बांद्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं येतात, तो बापूस झाला तर कोण येणार, आणि जत्रा भरणार कशावर?

मी गप्प राहिलो. नानूंना घाबरलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. बापाचं काम माझं होतं. वर्षभर मी चौथीच्या पोरांना पाढे शिकवणारा मास्तर, पण त्या एका दुपारी दिगूच्या प्रेतापाशी बसून बोलायचो तेव्हा सारी जत्रा माझ्याकडे बघायची. ते मला सोडवत नव्हतं. मी दिगूला दोन ओळी लिहिल्या: देवाने डावा दिला, वाईट वाटून घेऊ नकोस. ओळी खोट्या नव्हत्या. तिसऱ्या खेपेच्या होत्या, एवढंच.

तो जत्रेला आला, मिशा काढून, केस काळे करून, आणि मेला. पुढच्या वर्षी मेला. असं बारा जत्रा चाललं. मधल्या काळात मुंबईची कामं आटली. नवे धाकटे भाऊ आले, पुढे धाकटा भाऊच सिनेमातून गेला. बाप, काका, न्यायाधीश, कशालाही त्याला कोणी घेईना, कारण तो दिसला की लोकांना वाटे, हा आता मरणार. बायको आणि मुलगी मुंबईत राहिल्या, तो गावी येऊन राहिला. सोप्यावर बसला तरी मागच्या अंगाला तोंड करून बसायचा, कारण रस्त्यावरून जाणारा कुणीही थांबून मागणी करायचा.

साठाव्या वर्षीची जत्रा. देवळामागच्या खोलीत आम्ही रंगायला बसलो होतो. आरशासमोर त्याने गालाला गुलाबी रंग लावायला घेतला, रंग सुरकुत्यांत अडकला. तो बोटाने पसरत राहिला, तो पसरेना. मी पांढऱ्या मिशा हातात घेऊन शेजारी बसलो होतो. मला ते बघवेना. मी म्हटलं, दिगू, त्या वर्षी पहिली कळी उजवी पडली होती. आणि मग सगळं सांगितलं, नानूंचं सांगितलं, आणि माझंही.

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने ओला पंचा घेतला आणि सावकाश तोंड पुसलं. मग हात पुढे केला. "मिशी हाड."

मी दिली. तेवढ्यात नानू राऊळ काठी टेकत आत आले, ऐंशी उलटली होती त्यांची. काय चाललंय म्हणून विचारू लागले. दिगू मिशीला गोंद लावत म्हणाला, "नानू, देवान बारा वर्सां आदी परवानगी दिलेली आसा. तुमी माका सांगूक इसारलास." नानूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांना काय समजायचं ते समजलं आणि ते काठी टेकत बाहेर गेले.

धाकट्या मुलाचे शब्द पाठ असलेला दुसरा कोणी नव्हता, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. साठीला टेकलेला मास्तर, गुडघे धरलेले, तलवार घेऊन वेशीवर. लोक हसले, आणि हसण्यासारखंच होतं. दिगूला बापाचे शब्द येतात का, असं मी विचारलं तर म्हणाला, "चाळीस वर्सां तुज्या आणि तुज्या बापाशीच्या फुडे मेलेलो पडलंय. दुसरां काय केलंय? आयकलंय." आणि जाता जाता म्हणाला, "तू 'उठ' म्हणताना रडतस. थय रडाचा नाय. बापाशीक वाटता, झील उठतलो. तो उठणा नाय, मगे रड."

मी मेलो. मध्यंतर झालं. दिगू मरत नाही म्हटल्यावर अर्धी जत्रा खाजं आणि चणे घेऊन घरी गेली, नानूंचा अंदाज खरा ठरला. पडदा वर गेला तेव्हा मी फळ्यांवर डोळे मिटून पडलो होतो. त्याची पावलं आली, जड, म्हाताऱ्या माणसाची. तो माझ्याजवळ बसला. खांद्याला हात लावून, शाळेला उशीर झालेल्या पोराला उठवावं तशा साध्या आवाजात म्हणाला, "उठ रे बाळा, घरी जाऊया." मी खरोखर उठणार होतो. माझी मान हलली. त्याने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. माझ्या कपाळावर पाणी पडलं तेव्हा मला कळलं, वडिलांनी जे लिहिलं होतं ते वीस-बावीस वर्षं मी नुसतं पाठ म्हणत होतो.

खाली उरलेली माणसं नाटक संपल्यावरही लगेच उठली नाहीत. दिगूने मिशी काढली नाही. तशाच मिशीने माझ्या घरी आला, माझ्या बायकोकडे पेज मागितली आणि दोन वाडगे संपवले, वर भाजलेला बांगडा. जत्रेतल्या फोटोवाल्याला त्याने घरी बोलावलं होतं. "कदेल हाड," मला म्हणाला. मी खुर्ची आणून दिली, तो ऐसपैस बसला आणि त्याने फोटो काढून घेतला. त्या कळीबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. त्याने मला क्षमा केली की नाही, हे मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या श्रावणात तो गेला, झोपेत, कोणी बघत नसताना. टीव्हीच्या बातम्यांत मात्र दिवसभर मरत होता. गोळी लागून, सुरा लागून, कड्यावरून पडून, विशीचा, पंचविशीचा, गुलाबी गालांचा. बाराव्याला मुलगी मुंबईहून आली. हार घालायला फोटो हवा होता आणि तिच्याकडचे सगळे तसलेच होते. मी माझ्याकडचा नेऊन दिला. खुर्चीत बसलेला म्हातारा, पांढऱ्या मिशा, पोट थोडं सुटलेलं, तोंडावर पेज जेवलेल्या माणसाचं समाधान. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "असे बाबा मी कधी पाहिलेच नाहीत. हे कुठल्या सिनेमातले, काका?"

मी म्हटलं, सिनेमातले नव्हेत, इथलेच, जत्रेतले. असे ते एकच दिवस होते. आणखी बारा जत्रा असे दिसू शकले असते, हे मी तिला सांगितलं नाही. भिंतीत खिळा ठोकला, फोटो लावला, हार सरळ केला आणि बाहेर आलो. तिला जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिलं.