लिनबाईंच्या झारीतलं तूप

वॉटफर्ड जंक्शनला गाडीत बसले तेव्हा बाहेर बारीक धुकं होतं आणि माझ्या मांडीवर एक खोकं होतं. खोक्यात तीन टॉवेलांत गुंडाळलेला दारूचा सेट. आमच्या सांगलीच्या गल्लीत हे वाक्य मोठ्यानं म्हणायची माझी छाती नाही, पण लिहायला काय जातंय!

शेजारी माझी लेक केतकी. तिला इकडे येऊन पाच वर्षं झाली. ब्रिस्टलच्या डॅनियलशी तिचं लग्न ठरलंय. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, जन्म इथलाच, आईवडील चीनमधून आलेले. टेकअवेत (जेवण बांधून द्यायच्या दुकानात) स्वयंपाक करणारे वडील आता नाहीत. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला धास्ती होती ती त्याच्या आईची. परक्या मुलखात, परक्या घरात माझ्या पोरीचं काही चुकलं तर तिला सांभाळून कोण घेणार? तेच बघायला मी एवढ्या लांब आले होते.

त्याची आई, लिनबाई (मी मनात त्यांना असंच म्हणते), दोन आठवड्यांपूर्वी वॉटफर्डला केतकीच्या घरी येऊन गेल्या, तेव्हा त्यांनी हा सेट आणला होता. पांढरीशुभ्र चिनी माती, त्यावर निळी कमळं. एक खोलगट वाडगा, त्यात बसणारी लांब तोटीची झारी आणि अंगठ्याएवढे चार पेले. वाडग्यात गरम पाणी घालून त्यात झारी ठेवली की आतली ह्वांगच्यो (तांदळाची पिवळसर दारू) कोमट होते. मानाच्या माणसाला ती अशी वाढायची. मी पेला नुसता ओठांना लावून खाली ठेवला. लिनबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्यानेच मला घोर लावला. परतीच्या गाडीच्या घाईत सेट आमच्याकडेच राहिला. तो आज पोचता करायचा होता.

यूस्टनला उतरून भुयारी रेल्वेने पॅडिंग्टन गाठलं. सरकत्या जिन्यावर मी खोकं सांभाळत मधोमध उभी, तर केतकी म्हणाली, "आई, राइटला उभी राहा, लोकांना जाऊ दे." पॅडिंग्टनला पेस्टी (बटाट्या-कांद्याचं सारण भरलेली दांडगी करंजी) खाल्ली. मीठमिरचीच्या नावानं बोंब, पण गरम होती म्हणून गोड मानून घेतली.

ब्रिस्टलच्या गाडीत समोर एक म्हातारे गृहस्थ होते. खोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "केक का?"

"नाही, चिनी माती."

"मग मी पाय आवरलेले बरे," असं म्हणून ते बिचारे स्विंडनला उतरेपर्यंत पाय आखडून बसले. बाहेर ओली कुरणं, त्यात ढिम्म उभ्या मेंढ्या. पुढे बाथ आलं, सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं. मी खुशीत होते. आणि तेवढ्यात केतकी म्हणाली, "बरं झालं आजच नेतोय. आज डॅनियलच्या डॅडची डेथ ॲनिव्हर्सरी आहे. त्यांच्या फोटोपुढे ड्रिंक ठेवतात ना, ते ह्याच पॉटमधून. त्यांचं होतं ते पॉट."

मी मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं. "अगं, त्यात तूप आहे."

"व्हॉट?"

आता यात माझं काय चुकलं? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मी जन्मापासून पाळत आलेय. आणि चिनी माती म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे येतात लोणच्यातुपाच्या बरण्या. वाडग्यात बेसनाचे लाडू बसले, झारीला काहीतरी पातळ हवं, म्हणून आदल्या दिवशी कढवलेलं तूप ओतलं. इथल्या थंडीत ते तोटीच्या टोकापर्यंत थिजलं होतं.

"आई, मला विचारायचंस तरी!"

"भांडं रिकामं देऊ नये, हे काय विचारायचं असतं?" मी आवाज चढवला खरा, पण चूक मला कळली होती. गेलेल्या माणसाचं पान वाढायची वेळ, आणि त्याच्या भांड्यात मी घोळ घालून ठेवलेला.

ब्रिस्टलला लिनबाईंच्या घराची चढाची गल्ली चढताना खोकं दगडासारखं जड झालं. दारात लिनबाई. आत टेबलावर डॅनियलच्या वडिलांचा फोटो, पुढे वाफाळती कोंबडी, संत्री, भाताचा वाडगा आणि पेल्यांपुरती मोकळी जागा. मी झारी पुढे केली. त्यांनी झाकण उचललं आणि आत बघत राहिल्या.

दोघींचंही इंग्रजी बेताचंच. मी जमेल तसं सांगितलं: आमच्याकडे रिकामं भांडं देत नाहीत, मला आजचा दिवस माहीत नव्हता, माफ करा. केतकीनं माझा हात घट्ट धरला होता. डॅनियल आईकडे बघत होता.

लिनबाईंनी केटल लावली.

लाडू ताटलीत काढून त्यांनी झारी वाडग्यात ठेवली. आधी कोमट पाणी, मग जरा गरम, मग आणखी गरम. तूप सुटायला लागलं. ते त्यांनी एका भांड्यात उतरवलं, वास घेतला आणि मान डोलावली. आत ओशटपणा राहिलाच होता. मी तांदूळ मागायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मूठभर तांदूळ झारीत टाकलेसुद्धा! गरम पाणी घालून आम्ही आळीपाळीनं झारी खळखळवली. तीनदा धुतली.

मग दारू कोमट झाली. पहिला पेला फोटोपुढे ठेवला, तर वर तुपाचा एक बारीक थेंब चमकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिनबाई फोटोकडे बघून हसल्या आणि त्यांचे डोळे भरले. "तीस वर्षं टेकअवेच्या कढईपुढे उभा होता," त्या मला म्हणाल्या. "एका थेंबाचं त्याला काय, केतकी-मम!" (म्हणजे केतकीची आई, मी.)

उरलेल्या पेल्यांतला एक मला दिला. या वेळी मी घोट घेतला. घसा भाजला, पण इतकं हायसं वाटत होतं की सांगता सोय नाही.

परतीच्या गाडीत केतकीनं विचारलं, "आई, खरं सांग. आंटी कशा वाटल्या?"

मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती. सासूबाईंनी ती मला बारा वर्षं ऐकवली. केतकीला हे कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

"तुझ्या हातून तिथे पुष्कळ चुका होतील," मी म्हटलं. "होऊ देत. त्या घरात आधी पाणी तापत ठेवतात."

केतकीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि वॉटफर्डहून निघाल्यापासून पहिल्यांदा मी पाठ टेकून बसले.