कोणी कोणाचं दार ठोठावलं?

परवा वाळलेल्या मोहाच्या फुलांचा वास आला आणि तळोद्याची विहीर आठवली. मी तिथं नवी सून होते. बाजाराला येणाऱ्या भिल्लांना त्या विहिरीचं पाणी काढू देत नसत. एके दुपारी देवळातले पुजारी, मशिदीतले मौलवी आणि मिशनचे पाद्री तिथं एकत्र आले. पुजाऱ्यांनी मोह विकणाऱ्या भिल्लिणीच्या हाती पोहरा दिला.

"बहिन, आम्हले तुन्हा हातनं पानी पाज."

"महाराज, धरम बुडना!" माझे सासरे ओरडले.

पुजाऱ्यांनी ओंजळ पुढे केली. तिघेही प्यायले, मग ती प्यायली. पुन्हा कोणी तिला अडवलं नाही.

तेव्हा मी पाणी कोण पितं तेवढंच पाहत होते. आता वाटतं, हे ठरवायला त्या तिघांपैकी आधी कोण कोणाच्या दारी गेलं असेल?