कुंकवाचा उत्तर ध्रुव

प्राचार्यांनी बातमीचा मथळासुद्धा तयार ठेवला होता. ‘मोताळ्यात जगावेगळा शोध’. शोध माझा होता आणि घामही मलाच फुटला होता.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची कमिटी माझ्या पीएचडीचा शेवटचा रिव्ह्यू घेणार होती. विषय थोडक्यात सांगते. काही रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. दिसायला सारखे, पण डाव्याचा हातमोजा उजव्याला बसत नाही. त्यांना कायरल म्हणतात. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो, वर किंवा खाली. कायरल रेणूतून जाताना एका स्पिनला वाट सोपी जाते, दुसऱ्याला अवघड. डाव्याऐवजी उजवा रेणू घेतला की लाडका स्पिन बदलतो. मी निकेलच्या पट्टीवर या रेणूंचा थर बसवायचे, खाली लोहचुंबक ठेवायचे, आणि त्याचं उत्तर टोक एकदा वर, एकदा खाली करून करंट मोजायचे.

दसऱ्याच्या सुट्टीआधी सगळं जगातल्या इतर प्रयोगशाळांसारखंच येत होतं. सुट्टीनंतर नेमकं उलटं. डावा रेणू उजव्यासारखा वागायला लागला.

“बाटल्यांची अदलाबदल?” प्राचार्यांनी विचारलं.

“तीनदा तपासलं, सर.”

“मग शोधच आहे हा. उगाच शंका कशाला काढता?”

संध्याकाळी शेवटचं रीडिंग घ्यायला चुंबक उचलला. उत्तर टोकावरची लाल खूण बोटाला लागली. ती खूण मी नेलपॉलिशनं केली होती, आणि वाळलेलं नेलपॉलिश बोटाला लागत नाही. वास घेतला. कुंकू होतं.

आमचे जुने लॅब अटेंडंट बाबाराव, त्यांना हाक मारली.

“खंडेनवमीले पूजा केली न मॅडम,” ते म्हणाले. “अ‍ॅसिटोननं पुसलं त तुमचा लाल ठिपका निघून गेला. मंग म्या कुंकू तेलात कालवून परत लावलं.”

“कोणत्या टोकाला?”

“दोन्ही टोकं सारखेच त हायेत. काऊन?”

कपाटातलं होकायंत्र काढलं. सुईचं उत्तर टोक सरळ कुंकवाकडे गेलं, म्हणजे कुंकू दक्षिण टोकावर होतं. बाबारावांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला, कारण तीन आठवडे मी बाटल्यांवर संशय घेत होते.

कमिटीला सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुट्टीनंतरची सगळी रीडिंग पुन्हा घ्यायला लावली आणि रिव्ह्यू सहा महिने पुढे ढकलला. प्राचार्य महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता माझे इलेक्ट्रॉन चारचौघांसारखे वागतात आणि लोक मला डॉक्टर म्हणतात.

पुढच्या खंडेनवमीला बाबाराव कुंकवाची वाटी घेऊन आले आणि थांबले.

“मॅडम, कोणत्या टोकाले?”

जगाला चूक ठरवण्याआधी मीही एवढंच विचारायला हवं होतं.