गुंडीचा अळणी भात

"जिरं जळलं बघा तुमचं."

जिना चढता चढता आमच्या दाराशी थांबून, नाक जरासं वर करून तो हे म्हणायचा. दार उघडं आहे की बंद, याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं. आत माझी फोडणी चाललेली असायची आणि जिरं खरंच जळलेलं असायचं, म्हणून राग दुप्पट यायचा.

बदलापूरच्या खरवईत आमच्या बिल्डिंगमध्ये तो समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटीनला तीस वर्षं आचारी होता. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, मनात मात्र एकेरीतच. असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी असेल. आयुष्यात एकच गोष्ट येते आणि त्या एका गोष्टीवर सगळ्या जगाला नापास करत फिरायचं. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसाद हातावर पडला की "रवा कच्चा राहिला." कोणाच्या बाराव्याला गेला तरी घरच्यांचं सांत्वन राहिलं बाजूला, आमटीत चिंच जास्त झाली एवढं सांगून यायचा.

बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन चिपळूणला. घरात तो आणि गुंडी. गुंडी म्हणजे आठ वर्षांची कुत्री, अंगावर पांढरे-तपकिरी ठिपके, थोडी पॉमेरिअन आणि बाकीची खरवईची. त्याच्यापेक्षा तीच मला बरी वाटायची. निदान ती कोणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हती.

एका उन्हाळ्यात गुंडी जिन्यात मुतायला लागली. रोज, दिवसातून दोन-तीनदा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोंबाबोंब झाली. यावर या महाशयांनी काय अक्कल चालवली असेल? तिचं पाणी तोडलं. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी.

"आत गेलं नाही तर बाहेर येणार कुठून?" मला म्हणाला. वर हसलासुद्धा.

आता मी काम करते कुठे, तर बदलापुरातच कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात. केसपेपर काढायचा, जनावर धरायचं आणि डॉक्टर मॅडमनी लिहिलेलं लोकांच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगायचं, हे माझं काम. पंधरा वर्षं करते आहे. भारंभार पाणी पिणारं आणि भारंभार मुतणारं कुत्रं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी त्याच्या घरात शिरले, पातेलंभर पाणी गुंडीपुढे ठेवलं आणि म्हटलं, "काका, उद्या सकाळी हिला घेऊन दवाखान्यात या. नाही आलात तर मी घेऊन जाईन."

लघवी तपासली, रक्त उल्हासनगरच्या लॅबला पाठवलं. किडनीचा आजार निघाला, पण अगदी सुरुवातीचा. मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं. किडनीचं जेवढं गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं जपलं तर ही अजून चार-पाच वर्षं मजेत काढेल. औषध थोडंच, खरी गंमत खाण्यात आहे. मीठ बंद. हाडं, हाडांचं सूप, कलेजी, सुकी मासळी, सगळं बंद. मऊ भात, दुधी, लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग आणि मोजून थोडं चिकन. पाणी चोवीस तास भरलेलं. दुखण्याची गोळी मनाने द्यायची नाही. दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं.

त्याने कागद हातात घेतला आणि जसं काही मॅडमनी त्याच्याकडे नोकरी मागितली होती, असा तो वाचला. "हे जेवण लिहिलंय होय?" बाहेर आल्यावर मला म्हणाला. "अळणी तर सुतकात खातात, ताई."

मी म्हटलं, "कुत्र्याला सुतक नसतं. जे लिहिलंय ते करा."

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. कमी व्हायचं सोडून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वर गेलेलं. संध्याकाळी मी सरळ त्याच्या घरी गेले, गुंडीच्या ताटलीतला भात बोटावर घेतला आणि जिभेला लावला. हो, कुत्रीच्या ताटलीतला. पंधरा वर्षांत जनावरांचं नाही नाही ते अंगावर पडलंय माझ्या, भाताचं काय घेऊन बसायचं. भात खारट नव्हता, पण अळणीही नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर चवीला उत्तम होता. त्याने मी आणखीनच भडकले.

"चिमूटभर," तो म्हणाला. "चिमटीनं काय होतंय?"

"मरतंय कुत्रं. ते होतंय."

तो खाली बसला. म्हणाला, "हिची आई गेली तेव्हा तेरा दिवस या घरात अळणी शिजलं. जित्या जिवाला मी ते कसं वाढू?" हिची आई म्हणजे त्याची बायको. त्या कुत्रीला त्या दोघांनी लेक मानलं होतं, ते मला माहीत होतं. पण मला दया आली नाही. मला वाटलं, बघा, तीस वर्षं पळी हलवून माणसाची अक्कल किती पातळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्याच्या घरातला मिठाचा डबा आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "घरातच नको. मीपण तिच्यातलंच खाणार. आचाऱ्यानं स्वतः खाल्ल्याशिवाय वाढू नये," म्हणाला. मी डबा फळीवर टाकला. नाटकं, दुसरं काय.

पुढचे दोन महिने तो खरंच तेच खायचा. दुधी-भात, भोपळा-भात. वजनकाटा आणला. चिकन ग्रॅममध्ये मोजायला लागला. पाण्याचं पातेलं दिवसातून तीनदा घासून भरायचा आणि गुंडी किती प्याली ते कॅलेंडरवर लिहायचा. खालच्या पोराने तिला बिस्किट दिलं तर जिन्यातून ओरडायचा. गुंडी मात्र सुकतच चालली होती. केस निस्तेज, पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

परत रक्त तपासलं. आकडा आणखी वर.

त्या दिवशी दवाखान्यात नऊ-दहा माणसं आपापली कुत्री-मांजरं घेऊन बसली होती. रिपोर्ट वाचून माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी त्याला सोलून काढलं. म्हटलं, तुमच्या जिभेचे चोचले त्या मुक्या जिवाला भोवताहेत. म्हटलं, एवढी हौस असेल तर वीषच घाला, लवकर सुटेल.

"गुंडीची शपथ, मी नाही घातलं," तो म्हणाला.

"शपथ तरी दुसऱ्याची घ्यायची. ती तर चाललीच आहे तुमच्या कृपेने."

मॅडम आतून बाहेर आल्या आणि मला गप्प केलं. त्याने गुंडीला उचललं आणि तो गेला.

चार दिवसांनी माझ्या दारात आला. जिऱ्याबिऱ्याचं काही नाही. चप्पल काढून उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "ताई, मी विचार केला," म्हणाला. "तीस वर्षांची सवय आहे. हात आपसूक जात असेल."

"घरात मीठच नाही ना तुमच्या?"

"तेच तर. तरी काहीतरी घालत असणार मी. मला कळत नसेल. वय झालं, बायकोपण म्हणायची विसरता म्हणून." मग खाली बघत म्हणाला, "तुम्ही शिजवाल तिचं? मी सामान आणून देतो. माझ्या हाताचा मला भरवसा नाही राहिला."

मी हो म्हटलं. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, मला आनंद झाला. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडणारा माणूस माझ्या दारात डबा मागायला उभा होता. सकाळी कामावर जायच्या आधी मी गुंडीचं शिजवायचे. तो डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी घासून परत करायचा. डब्याला कधी नाव ठेवलं नाही. दुधी नीट शिजला नव्हता त्या दिवशीही नाही.

महिना झाला. मॅडमनी मध्येच रक्त घेतलं. आकडा उतरलेला नव्हता. आता शिजवणारी मी होते. तरी माझ्या मनात काय आलं? की हा माणूस माझ्या डब्यातही काहीतरी कालवत असणार.

मग एक दिवस जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती निघाली. दवाखान्यात नळाला थेंब नाही, म्हणून मॅडमनी दुपारी बाराला कुलूप लावलं. मी घरी आले. एरवी त्या वेळी मी कधीच घरी नसते. जिन्याच्या वळणावर माझ्या सासूबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात ताटली, आणि गुंडी त्यात तोंड घालून खात होती. ताटलीत काल रात्रीची भाकरी आणि तळलेल्या सुक्या बोंबलांची डोकी.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? घास काढलाय तिचा," सासूबाई म्हणाल्या. "आपण जेवाच्या आधी कुत्र्याला घास काढावा. आपल्यात रीतच आहे. तो म्हातारा दुपारचा झोपतो, दार उघडंच असतं. येते बिचारी. उपाशी मारलंय तिला तुम्ही दोघांनी भात घालून घालून."

"कधीपासून?"

"ती पिल्लू होती तेव्हापासून. रोज."

रोज. म्हणजे पहिल्या रिपोर्टच्या आधीपासून. मी कामावर, नवरा ठाण्याला, माझ्याच घरातून रोज दुपारी खारवलेलं जात होतं. मीठ, काटे, सगळं. मी दुसऱ्यांच्या ताटल्या चाटत फिरत होते.

इथून पुढे मला काकांना एकेरीत लिहवत नाही.

सासूबाईंना मी समजावलं. त्या रडल्या, आणि त्या दिवसापासून गुंडीसाठी आमच्या घासाची रीत बंद झाली. पण समोरचं दार वाजवायला माझा हात उठला नाही. आज सांगू, उद्या सांगू. काय सांगणार होते? की नऊ-दहा माणसांदेखत तुम्हाला बोलले ते सगळं आमच्या घराला बोलायचं होतं? माझं नाक मोठं होतं. दुसऱ्याचं कापताना मला कधी जड गेलं नव्हतं, पण स्वतःचं म्हटल्यावर मी आठवडाभर थांबले, मग महिनाभर.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा खाली. गुंडीचं वजनही पाऊण किलोने वाढलेलं. मॅडम म्हणाल्या, "छान. असंच चालू ठेवा, खूप वर्षं जाईल ही." काकांनी दवाखान्यातच मला हात जोडले. "तुमच्या हाताला यश आहे, ताई." बाकड्यावरच्या लोकांनाही सांगितलं, "यांच्यामुळे वाचली. मी तर मारलीच असती."

तेव्हा तरी बोलायचं. जागा तीच होती, बाकडं तेच होतं. मी हसले आणि पुढचा केसपेपर काढला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चिपळूणची लेक त्यांना न्यायला आली. एकटे किती दिवस राहणार म्हणाली. गुंडीही जाणार होती. निघायच्या दिवशी सकाळी काका वही घेऊन माझ्याकडे आले. गुंडीचं सगळं लिहून द्या म्हणाले, मुलगी शिजवेल. मी पानभर लिहिलं. भात, दुधी, भोपळा, किती चिकन, किती पाणी, रक्त कधी तपासायचं. ते शेजारी उभे राहून वाचत होते. मधेच विचारलं, "अंड्यातला पिवळा काढायचाच ना?" मी म्हटलं, "हो." रिक्षात बसताना गुंडी त्यांच्या मांडीवर होती. वही शर्टाच्या आत ठेवलेली. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी रिक्षाकडे.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. गुंडी ठणठणीत आहे, तिकडच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं काबूत आहे. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? बाबा इथे आल्यापासून गॅसपाशी जातच नाहीत. गौरींच्या सणाला एवढं म्हटलं, निदान खीर तरी करा तुमच्या हातची. नको म्हणाले, हात बिघडलाय. साधा चहासुद्धा मलाच मागतात. तिकडे काही झालं होतं का?"

मी म्हटलं, "काही नाही गं. वय झालं ना त्यांचं."

पलीकडे, लांबून, त्यांचा आवाज आला. लेकीला सांगत होते, "फोनवर आहेतच तर विचारून घे त्यांना, भात शिजायला पाणी किती घालायचं."

तिने विचारलं, आणि मी सांगितलं.